मोरचुदाची खळ आणि वरच्या मजल्यावरची पत्रं

दुसऱ्याची पत्रं मी आयुष्यात फक्त तीन वेळा वाफेवर धरली आहेत, आणि तिन्ही वेळा त्याच आधणाचा चहा फक्कड झाला होता.

हे मी फुशारकीने सांगत नाही. सांगताना आजही माझे कान तापतात. पण सुमन (म्हणजे आमचं कुटुंब) ही गोष्ट गेली कित्येक वर्षं पाहुण्यांना माझ्यादेखत सांगते आणि प्रत्येक वेळी माझा गुन्हा थोडा वाढवते. मागच्या खेपेला तीन पत्रांची सात झाली होती. तेव्हा म्हटलं, अब्रू जायचीच आहे तर हिशेबात जाऊ दे.

मला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद आहे. त्यातही फुलपाखरं, आगगाडीची इंजिनं, राजे-राण्या असलं काही मला चालत नाही. फक्त रसायनशास्त्र आणि औषधी वनस्पती. तिकिटावर चंचुपात्र असलं, एखादा रेणू असला, सर्पगंधा किंवा बेलाडोना असली, की माझा जीव कासावीस होतो. मी औषधं तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत केमिस्ट होतो. सुमन म्हणायची, "लोक ऑफिसचं काम घरी आणतात. तुम्ही ऑफिसचं काम घरी आणून वर आल्बममध्ये चिकटवता." (चिकटवत नाहीत, कागदाची छोटी बिजागरी लावतात. पण हे तिला आजवर पटलेलं नाही.)

माझी बदली पुण्याहून चंदीगडला झाली तेव्हा पंजाबातले दिवस फार वाईट होते. बसमध्ये बसण्याआधी सीटखाली वाकून बघायचं, सिनेमाला डबा न्यायचा नाही, बेवारस ट्रान्झिस्टर दिसला तर हात लावायचा नाही, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदूकवाले. मिरजेहून माझे वडील दर आठवड्याला लिहायचे, "तब्येतीचं कारण सांगून बदली मागून घे." माझी तब्येत ठणठणीत होती, हीच काय ती अडचण.

आम्ही एका खाजगी ब्लॉकमध्ये तळमजल्यावर राहत होतो. आमच्या बरोबर वर भाड्याने राहायचे ग्रेवालसाहेब. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सहा फूट उंच, पांढरीशुभ्र दाढी, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला आपण आपोआप वाकायचं. त्यांच्या पत्नीला सगळा ब्लॉक बीजी, म्हणजे आई, म्हणायचा; त्यांना स्वतःला मुलं दारजी म्हणायची. मुलगी हरप्रीत शाळेत शिकवायची. मुलगा जसबीर, म्हणजे जस्सी, चार वर्षांपासून पश्चिम जर्मनीत इंजिनियर होता. चार वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. आता डिसेंबरात हरप्रीतचं लग्न ठरलं होतं आणि त्यासाठी तो येणार होता. बीजींनी त्याची रजई सप्टेंबरातच उन्हात घातली होती.

आमच्या पोस्टमनचे गुडघे दुखायचे. तो जिना चढायचा नाही. वरचं टपाल माझ्या हातात देऊन म्हणायचा, "ऊपर पकड़ा देना जी."

आणि एक दिवस त्याने माझ्या हातात जस्सीचं पाकीट दिलं. त्यावर युरियाचा रेणू होता.

आता कुणीही विचारेल, अरे बाबा, मागायचं ना! वर जाऊन "ग्रेवालसाब, हे तिकीट मला द्याल का?" एवढं म्हणायला काय झालं होतं? सांगतो. मी मराठी मध्यमवर्गीय माणूस. आमच्यात मागणं हे चोरीपेक्षा लाजिरवाणं समजतात. शिवाय दिवस असे, की केंद्र सरकारच्या नोकराने शीख शेजाऱ्याला "तुमची परदेशातली पाकिटं जरा बघू" म्हणायचं म्हणजे त्या भल्या माणसाच्या पोटात गोळाच आला असता. त्यांना उगीच संशय यायला नको, त्यांचं मन दुखवायला नको, अशा अत्यंत नाजूक विचाराने मी ते तिकीट गुपचूप काढायचं ठरवलं. माझ्या सभ्यपणाचा हा कळस होता.

सुमन भाजी आणायला गेली होती. मी चहाचं आधण ठेवलं, पाकीट वाफेवर धरलं आणि चिमट्याने तिकीट अलगद सोडवलं. मुलाचं पत्र आलं की आईबाप पाकीट कशाला बघतात, फोडून फेकून देतात, असा माझा हिशेब होता. पाकीट वर नेऊन दिलं. बीजींनी ते छातीशी धरलं आणि मला पंजिरीचा लाडू दिला. मी तो खाल्ला. (हे मुद्दाम लिहितोय. सुमन हा भाग विसरते.)

दुसऱ्या पाकिटावर बेंझीनचा षट्कोन होता. या वेळी वाफ जरा जास्त झाली आणि तिकिटाबरोबर पाकिटाची जीभही उघडली. आत पत्र होतं, गुरुमुखीत. मी ते वाचलं नाही. मला गुरुमुखी येत नाही म्हणून वाचलं नाही, की मी सज्जन आहे म्हणून, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. डिंकाची बाटली वाळून खडखडीत झाली होती. मग मी कणकेची खळ शिजवली, आणि खळ म्हटल्यावर हाताने सवयीप्रमाणे त्यात चिमूटभर निळं मोरचूद टाकलं. मिरजेला आमच्या घरी पुस्तकांना कव्हरं घालायची ती मोरचुदाच्या खळीनेच. कसर लागत नाही, पुस्तक पन्नास वर्षं टिकतं. ग्रेवालसाहेबांचं पाकीट पाच मिनिटांत फाडलं जाणार होतं, पण काम करायचं तर नीट करावं, हे वडिलांचे संस्कार.

तिसऱ्या पाकिटावर फॉक्सग्लव्हची जांभळी घंटा होती. हृदयविकारावरची वनस्पती. तिने माझा जवळजवळ जीवच घेतला.

चार दिवसांनी ग्रेवालसाहेब खाली आले. हातात तिन्ही पाकिटं. त्यांनी आधी दार लावलं, मग रेडिओ मोठा केला, मग माझ्या कानाशी वाकले.

"देवधरजी, मेरी डाक खुल रही है."

"डाक?" मी म्हणालो. माझा आवाज हार्मोनियमच्या वरच्या पट्टीत गेला.

"सी.आय.डी. टिकट उखाड़ के देखते हैं, नीचे कुछ लिखा तो नहीं. फिर लिफ़ाफ़ा खोलते हैं. और ये देखो." त्यांनी पाकिटाच्या जिभेवर बोट ठेवलं. कडेला फिकट निळी झाक होती. "कोई ख़ास मसाला है इनका. आप तो केमिस्ट हो. घर के आदमी हो. और किस से पूछूँ?"

घरच्या माणसाने पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला, चष्मा खाली केला. मी एवढंच म्हणायला हवं होतं की दमट हवा असेल. पण चोवीस वर्षांची नोकरी आडवी आली. निळा रंग बघून माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "कॉपर सल्फेट."

"देखा?" ग्रेवालसाहेब खुर्चीत बसले. "सरकारी केमिकल."

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं आणि तेव्हाच, त्याच मिनिटाला सांगून टाकायला हवं होतं. मी त्यांना चहा विचारला.

नंतरच्या आठवड्यात वरच्या मजल्याचं जगणंच बदललं. ग्रेवालसाहेब सकाळचं फिरणं सोडून बसले. बीजींनी मुलाची जुनी पत्रं कणकेच्या डब्यात पुरून ठेवली आणि दोन दिवस पोळ्यांत कागद निघाला. स्कूटरवरून कुणी दोनदा गेला की खिडक्या बंद व्हायच्या. (तो दूधवाला होता. एकदा दूध घालायला आणि एकदा परत जायला.) आणि मी खाली बसून बेंझीनच्या तिकिटाला बिजागरी लावत होतो. तिकीट अगदी सरळ बसलं.

मग मला एक युक्ती सुचली. आयुष्यात मला ज्या ज्या युक्त्या सुचल्या, त्या सगळ्यांनी मिळून माझी जेवढी फजिती केली नसेल तेवढी या एकीने केली. आपण काही कबूल न करता त्यांची भीती घालवायची. कशी? चिठ्ठी लिहून. निनावी. मी डाव्या हाताने, मोठ्या अक्षरांत, हिंदीत लिहिलं: 'आपकी चिट्ठियाँ कोई नहीं पढ़ रहा है. आप निश्चिंत रहें. एक शुभचिंतक.' आणि दुपारी सामसूम बघून ती त्यांच्या दाराखालून सरकवली.

त्या वर्षांत पंजाबात निनावी चिठ्ठी दाराखालून आली तर तिचा अर्थ एकच असायचा, धमकी. हे दीड अब्ज मैलांवरच्या ग्रहावरही कळलं असतं. माझ्या डोक्यात आलं नाही.

ग्रेवालसाहेब संध्याकाळी खाली आले ते भिंत धरून. सुमन मेथी निवडत होती. त्यांनी चिठ्ठी आणि ते निळ्या डागाचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं.

"पढ़ो. इन्हें ये भी पता है कि मुझे शक है. देवधरजी, मैंने शक की बात सिर्फ़ आपसे की थी."

मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं.

"मतलब," ते म्हणाले, "इन्होंने आपके घर में भी कुछ लगा रखा है. मुझे माफ़ कर दो जी. मेरी वजह से आप भी फँस गए."

त्यांनी हात जोडले. सहा फूट उंचीच्या त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.

"मैंने दिल्ली वाले भांजे से कल फ़ोन करवा दिया जर्मनी," ते पुढे म्हणाले. "जस्सी नहीं आएगा. एअरपोर्ट से ही उठा लेंगे उसे. बहन की शादी है, ठीक है, हो जाएगी. लड़का तो बचेगा. बीजी कल से रोटी नहीं खा रही."

ते गेले. पाकीट आणि चिठ्ठी टेबलावरच राहिली. सुमनने पाकीट उचललं, जिभेवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही खळ आहे," ती म्हणाली.

"असेल."

"मोरचुदाची खळ आहे."

"पंजाबात पण मिळत असेल मोरचूद."

"अहो, सगळ्या पंजाबात पाकीट चिकटवायला मोरचुदाची खळ शिजवणारा एकच माणूस आहे, आणि मी त्याच्या हातचा चहा पिते." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "आल्बम आणा."

मी आल्बम आणला. तिने पानं उलटली. युरिया, बेंझीन, फॉक्सग्लव्ह एका रांगेत छान बसले होते. लग्नाच्या अठरा वर्षांत तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदा पाहत होतो आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"त्या बाईचा मुलगा चार वर्षांनी येणार होता," ती शेवटी म्हणाली. "वर जा."

"उद्या सकाळी..."

"आत्ता जा. आल्बम घेऊन जा. नाहीतर मी जाते, आणि मी सांगेन ते तुम्हाला परवडणार नाही."

वीस पायऱ्यांचा जिना. मी प्रत्येक पायरीवर एक वाक्य तयार केलं आणि वर पोचेपर्यंत वीसच्या वीस विसरलो. बीजींनी दार उघडलं. डोळे सुजलेले. मी आल्बम उघडून ग्रेवालसाहेबांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी तिकिटं पाहिली. चिठ्ठी मीच लिहिली, हेही मी सांगितलं. डाव्या हाताने, हेही सांगितलं, जणू काही त्याने शिक्षा कमी होणार होती. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त पगडी चाचपली आणि उठले.

"चलो."

"कहाँ?" माझ्या डोळ्यांपुढे पोलीस चौकी.

"सत्रह सेक्टर. ट्रंक कॉल. जस्सी से आप बोलोगे. मैं कहूँगा कि सब ठीक है, तो वो समझेगा मेरे सिर पर कोई खड़ा है. ये किस्सा तो कोई पुलिसवाला भी नहीं बना सकता."

सतरा सेक्टरच्या तार ऑफिसच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं आपापल्या कॉलची वाट बघत बसली होती. दाराशी एक बंदूकधारी जवान. पावणेदोन तासांनी आमचं नाव पुकारलं. बूथचं दार तुटलेलं होतं आणि लाईन अशी, की जर्मनीपर्यंत आवाज तारेने नाही, माझ्या फुप्फुसांच्या जोरावरच जाणार होता.

"हॅलो जस्सी! मैं नीचे वाला देवधर!"

"कौन? दारजी किधर हैं? आप पुलिस से हो?"

"नहीं! मैं चोर हूँ!"

हॉलमधली कुजबुज थांबली.

"चिट्ठियाँ सी.आय.डी. ने नहीं खोलीं! मैंने खोलीं! टिकट के लिए!"

मग जस्सीचा थंड आवाज, "साबित करो. कौन से टिकट थे?"

इंजिनियर शेवटी. मी घसा ताणून ओरडलो, "पहले पे युरिया था! दूसरे पे बेंझीन!"

मागे बाकड्यावरच्या दोन बायका उठून दाराकडे गेल्या.

"और नीला दाग क्या है? दारजी बोले केमिकल है!"

"कॉपर सल्फेट! मैंने घर में बनाया! चूल्हे पे!"

त्या दिवसांत, त्या शहरात, भरल्या हॉलमध्ये एक माणूस परदेशी फोनवर युरिया, बेंझीन, घरी बनवलं असं ओरडत होता. खांद्यावर हात पडला. वळून बघितलं तर तो जवान. हात त्याचा एकच माझ्या खांद्यावर होता. दुसरा बंदुकीवर कुठे होता ते मी सांगत नाही.

"बाहर आइए," तो म्हणाला. "किस ग्रुप के हो?"

"मी केंद्र सरकारचा केमिस्ट आहे," मी सांगितलं, मराठीत. भीतीने मला तेवढी एकच भाषा उरली होती. त्याला ती कुठली सांकेतिक भाषा वाटली कोण जाणे, त्याने पकड घट्ट केली.

तेव्हा ग्रेवालसाहेब उठले. ज्या माणसाला आठवडाभर खाकी कपड्याची सावली दिसली तरी घाम फुटत होता, तो माणूस बंदुकीसमोर येऊन उभा राहिला, माझ्यासाठी. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोठ्या आवाजात बोलला.

"छोड़ दो जी इसे. मैं जानता हूँ. शरीफ़ आदमी है. बस चोर है."

लटकत असलेल्या रिसीव्हरमधून काहीतरी चिरका आवाज येत होता. ग्रेवालसाहेबांनी तो उचलून कानाला लावला. जर्मनीत जस्सी हसत होता. हसता हसता तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ग्रेवालसाहेबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि पगडीच्या टोकाने डोळे पुसले. मी जवानाकडे बघत होतो, जवान माझ्याकडे. आमचं दोघांचंही लक्ष तिकडे होतं.

जस्सी आला. लग्नाच्या आधी पाच दिवस. बीजी जिन्याखालपर्यंत धावत आल्या तेव्हा मी आमच्या खिडकीच्या पडद्यामागे होतो. बाहेर यायचं धाडस झालं नाही. सुमन गेली, तिने त्याला ओवाळलं. मी पडद्यातून बघितलं की तो खूप उंच आहे आणि बापासारखाच हळू बोलतो.

तिसऱ्या दिवशी बीजी स्वतः खाली आल्या. मी पळायला मोरी गाठत होतो, पण सुमनने वाट अडवली. बीजींच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता.

"भाईसाब," त्या म्हणाल्या, "सुमन ने बताया था कि आपको टिकटों का शौक़ है. पिछले साल से जस्सी की हर चिट्ठी की टिकट काट के रख रही थी आपके लिए. सोचा था डिब्बा भर जाए तो दिवाली पे दूँगी." त्या जरा थांबल्या. "फिर चिट्ठियों पे टिकट आनी ही बंद हो गई."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नाही. खरंच सांगत होत्या. सुमनने तोंडावर पदर घेतला. ती हसत होती की रडत होती ते मी विचारलं नाही, आणि तिने आजवर सांगितलं नाही. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नको म्हणायला तोंड उघडलं. बीजींनी झाकण काढून डबा माझ्या हातात ठेवला.

शरमेने माझी मान आपोआप खाली गेली, आणि खाली डबाच होता. वरच दोन तिकिटं दिसत होती, एकावर कॅमोमाईल आणि एकावर चंचुपात्र. दोन्ही माझ्याकडे नव्हती.